चाक फिरतं, पण यंत्र ऐकत नाही

"पेंडंट गेलाय बहुतेक. नवाच घ्यावा का?" छोटा सीएनसी राउटर चालवणाऱ्यांमध्ये हा प्रश्न हमखास निघतो. चाक एक खटका फिरवलं की टूल कधी हलतं, कधी जागेवरच बसतं, तर कधी एकाऐवजी तीन पावलं पुढे जातं. स्पिंडल बंद असताना सगळं सुरळीत असतं आणि तो सुरू केला की पडद्यावरचे आकडे आपोआप सरकू लागतात. दोष लगेच हातातल्या डब्यावर जातो, कारण बिघाड तिथेच जाणवतो. प्रत्यक्षात हात आणि मोटर यांच्यामध्ये चाक, निवड-स्विच, केबल, इंटरफेस कार्ड, संगणक, प्रोग्रॅम आणि मोटरचा ड्राइव्ह इतके टप्पे असतात. यातला कुठलाही एक टप्पा चुकला तरी वरून दिसणारं लक्षण बहुधा सारखंच असतं. म्हणून नवा पेंडंट घेण्याआधी हातापासून मोटरपर्यंतचा रस्ता एकदा क्रमाने तपासणं शहाणपणाचं ठरतं. त्याला लागतो एक साधा मल्टिमीटर, एक डायल गेज आणि थोडा धीर.

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात या प्रश्नाला खास वजन आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि त्याच्या कामाची सुरुवात ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून झाली. लेथ आणि मिलिंगवर हात बसलेले कारागीर या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यात २००९ साली नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी 'जीआरबीएल' हा मुक्त प्रोग्रॅम लिहिला आणि अर्डुइनोसारख्या स्वस्त बोर्डावर तीन अक्षांचं यंत्र चालवणं शक्य झालं. पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात त्याआधीच, २००२ मध्ये, एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब सुरू झाली होती. संगणकावर चालणारी कापणीची यंत्रं मोठ्या कारखान्याबाहेर, शिकणाऱ्यांच्या हाती येऊ लागली ती अशी. पुढे मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली. मग गणपतीची मखरं पुठ्ठा आणि एमडीएफकडे वळली. एमडीएफची जाळी कापायला सीएनसी राउटर हवाच. म्हणजे या छोट्या यंत्रांचा धंद्याचा मोसम जून ते ऑगस्ट, नेमका भर पावसाळा. इलेक्ट्रॉनिक्सला सर्वांत त्रासदायक महिनेही हेच.

१. हातातल्या डब्यात असतं काय?

पेंडंट म्हणजे केबलला लटकणारा किंवा बिनतारी हँडसेट. त्यावर सहसा चार गोष्टी असतात: एक गोल चाक, कोणता अक्ष हलवायचा ते ठरवणारा स्विच, एका खटक्याला किती हलायचं ते ठरवणारा दुसरा स्विच आणि एक लाल बटण. चाकाला पूर्ण फेऱ्यात सहसा १०० खटके असतात. दुसऱ्या स्विचवर एकपट, दहापट आणि शंभरपट अशा खुणा असतात. मिलिमीटरमध्ये मांडणी केलेल्या यंत्रावर त्यांचा अर्थ बहुधा असा: एकपट म्हणजे खटक्याला ०.००१ मिमी, दहापट म्हणजे ०.०१ मिमी आणि शंभरपट म्हणजे ०.१ मिमी.

हा हिशेब पाठ असला की पहिला गैरसमज लगेच सुटतो. स्विच शंभरपटीवर आहे, पण त्याचा आतला संपर्क गंजलेला आहे असं धरू. अशा वेळी काही प्रोग्रॅम निवड मिळाली नाही म्हणून एकपट धरून चालतात. वापरणारा पूर्ण एक फेरा फिरवतो. यंत्र १०० गुणिले ०.००१, म्हणजे फक्त ०.१ मिमी हलतं. डोळ्याला ते दिसत नाही. "चाक मेलंय" असा निष्कर्ष निघतो, पण चाक ठणठणीत असतं. म्हणून तपासणीत यंत्राकडे बघण्याआधी पडद्यावरच्या आकड्यांकडे बघावं. आकडा बदलतोय आणि टूल हलत नाही, तर दोष संगणकाच्या पुढे, मोटरच्या बाजूला शोधायचा. आकडाच बदलत नाही, तर संगणकाच्या मागे, हाताच्या बाजूला. या एका पाहणीने निम्मी साखळी बाद होते.

२. दिशा कशी कळते?

चाकाच्या आत एन्कोडर असतो. तो चाक फिरताना विजेचे छोटे ठोके पाठवतो. पण नुसते ठोके मोजून चाक उजवीकडे फिरलं की डावीकडे हे कळणार नाही. म्हणून ठोके दोन तारांवरून येतात, ए आणि बी, आणि दोन्हींमध्ये किंचित अंतर ठेवलेलं असतं.

डोंबिवलीच्या फलाटावर दोन माणसं उभी आहेत, एक ठाकुर्लीच्या टोकाला आणि दुसरा कोपरच्या टोकाला. दोघांनी डोळे मिटले आहेत आणि गाडीचं तोंड समोर आलं की हात वर करायचा आहे. ठाकुर्लीकडच्याचा हात आधी वर गेला तर गाडी मुंबईकडे चालली आहे. कोपरकडच्याचा आधी गेला तर कल्याणकडे. एन्कोडरच्या ए आणि बी तारा हेच काम करतात. आधी कोण बोललं त्यावरून दिशा ठरते आणि किती वेळा बोललं त्यावरून अंतर.

आता एका माणसाला झोप लागली, म्हणजे बी तार तुटली, तर गाडी आल्याचं कळतं पण दिशा कळत नाही. पेंडंटच्या बाबतीत याचं लक्षण अगदी ठरलेलं आहे. चाक कुठेही फिरवलं तरी आकडा एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे असा जागच्या जागी थरथरतो. हे लक्षण दिसलं की एन्कोडर उघडण्याआधी ए आणि बी या दोन तारांची सलगता तपासावी.

आणखी एक बारीक हिशेब. एका खटक्यात ए आणि बी मिळून चार बदल होतात. प्रोग्रॅममध्ये 'एका खटक्याला किती मोजणी' ही नोंद असते. ती चुकली तर शंभरपटीवर पूर्ण फेऱ्याला १० मिमीऐवजी अडीच किंवा थेट ४० मिमी असं चारच्या पटीतलं उत्तर मिळतं. चूक दर वेळी नेमकी चौपट किंवा पाव असेल, तर सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवावं. ही बिघाडाची नाही, मांडणीची चूक आहे.

३. खटका हरवला की स्क्रू सैल?

हा भाग सावकाश समजून घ्यावा असा आहे, कारण निर्दोष पेंडंट सर्वांत जास्त वेळा इथेच बदलले जातात.

हौशी यंत्रातल्या लीडस्क्रू आणि नटमध्ये थोडी मोकळीक असते. तिला बॅकलॅश म्हणतात. दिशा बदलली की आधी ही मोकळीक भरून निघते आणि मगच टेबल हलतं. समजा बॅकलॅश ०.१ मिमी आहे. दहापटीवर दिशा बदलली तर पहिले १० खटके फुकट जातात. शंभरपटीवर फक्त एक. एकपटीवर चक्क १००. वापरणाऱ्याला वाटतं, पेंडंट खटके खातोय.

यातूनच एक सोपी कसोटी मिळते. दिशा बदलल्यावर वाया जाणारे खटके तिन्ही पटींवर मोजावेत. पट वाढवल्यावर वाया जाणारे खटके त्याच प्रमाणात घटत असतील, तर दोष यांत्रिक आहे. नट घट्ट करावा, कपलिंगचे ग्रब स्क्रू बघावेत. पट कोणतीही असो, खटके मनाला येईल तसे हरवत असतील, तर मात्र एन्कोडर किंवा त्याच्या तारांकडे वळावं.

दुसरी कसोटी डायल गेजची. गेज टेबलाला टेकवून शून्य करावा. शंभरपटीवर एक पूर्ण फेरा पुढे आणि नेमका तेवढाच मागे फिरवावा, असं बऱ्याच वेळा करावं. शेवटी आधीच्याच दिशेने थोडं पुढे जाऊन परत शून्यावर यावं, म्हणजे बॅकलॅशचा गोंधळ मोजणीत येत नाही. काटा शून्यावर आणि पडद्यावरचा आकडाही शून्यावर, तर सगळी साखळी ठीक. आकडा शून्यावर पण काटा नाही, तर मोटर पावलं चुकवते आहे. चाक मूळ खुणेवर आलं तरी आकडाच शून्यावर आला नाही, तर ठोके वाटेत हरवले किंवा परके ठोके आत घुसले. हीच चाचणी आधी स्पिंडल बंद ठेवून आणि मग कटर काढून स्पिंडल सुरू करून घेतली, तर पुढचा मोठा प्रश्न आपोआप सुटतो.

बारीक पावलांबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवावी. आठ मिमी पुढे नेणारा स्क्रू, फेऱ्याला २०० पावलांची स्टेपर मोटर आणि पावलाचे १६ भाग करणारा ड्राइव्ह धरला, तर ३,२०० भागिले ८, म्हणजे मिलिमीटरला ४०० पावलं होतात. एक पाऊल ०.००२५ मिमीचं. अशा यंत्राला एकपटीवर एक खटका दिला तर त्याला हलायला जागाच नाही. अडीच खटक्यांमागे ते एक पाऊल टाकणार. एकपटीवर यंत्र 'ऐकत नाही' अशी तक्रार या यंत्रांबद्दल करणंच चुकीचं आहे.

४. हात थांबला, टूल थांबलं नाही

ही तक्रार ऐकायला सर्वांत भीतिदायक, आणि तिचं कारण बऱ्याचदा साधं गणित असतं. शंभरपटीवर सेकंदाला तीन फेरे फिरवले तर सेकंदाला ३० मिमीची मागणी झाली. यंत्राचा कमाल वेग मिनिटाला १,५०० मिमी, म्हणजे सेकंदाला २५ मिमी असेल, तर दर सेकंदाला ५ मिमी उधारी साचते. दोन सेकंद फिरवून हात थांबवला तरी १० मिमी बाकी असतं आणि टूल आणखी ०.४ सेकंद चालत राहतं. तेवढ्यात नाजूक कटर क्लॅम्पवर आदळून तुटतो.

उपाय दोन. पहिला, यंत्राच्या वेगाला झेपेल एवढंच फिरवायचं आणि जॉबच्या जवळ आल्यावर दहापटीवर यायचं. दुसरा, प्रोग्रॅममध्ये बदल. लिनक्ससीएनसीमध्ये चाकासाठी 'वेग पद्धत' निवडता येते. मग चाक थांबलं की यंत्र थांबतं, उरलेलं अंतर सोडून दिलं जातं. जीआरबीएलच्या १.१ आवृत्तीत जॉगसाठी, म्हणजे हाताने अक्ष हलवण्यासाठी, स्वतंत्र आज्ञा आणि चालू जॉग तिथेच रद्द करण्याची सोय आली. जुन्या आवृत्तीवर किंवा ही सोय न वापरणाऱ्या पेंडंटवर मात्र रांगेत साचलेल्या आज्ञा संपेपर्यंत टूल पळत राहतं. इथे बोर्डाचा प्रोग्रॅम नवा करणं हाच खरा इलाज, नवा हँडसेट घेऊन काही उपयोग नाही.

५. केबल: पहिला संशयित

तारेच्या पेंडंटमध्ये सर्वांत आधी मरते ती केबल, आणि तीही बहुतेक वेळा हँडसेटमध्ये शिरते त्या तोंडाशी. तिथे ती रोज वाकते. वरचं आवरण शाबूत दिसतं, आतली तार तुटलेली असते. मल्टिमीटर सलगतेच्या आवाजावर ठेवून प्रत्येक तार तपासावी आणि तपासताना केबल तोंडाशी हलवत राहावी. बीप तुटक झाला की चोर सापडला. तुटका भाग कापून केबल थोडी आखूड करून पुन्हा जोडली तरी काम होतं. नवीन गुंडाळी केबल लागलीच, तर ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, अशा सुट्या भागांसाठी अजूनही भरवशाचा बाजार आहे.

सैल जोड पुरवठ्याचा दाबही खातो. एन्कोडरला ५ व्होल्ट लागतात. जोडात ५ ओहमचा अडथळा आला आणि १०० मिलिअँपिअर प्रवाह असला, तर अर्धा व्होल्ट तिथेच जातो आणि हँडसेटपर्यंत साडेचारच पोहोचतात. म्हणून दाब कार्डवर न मोजता हँडसेट उघडून आत मोजावा. नवीन चाक घेताना ते ५ व्होल्टचं आहे की १२ ते २४ व्होल्टचं, हेही लेबलवर बघून घ्यावं. दोन्ही दिसायला सारखीच असतात.

६. स्पिंडल सुरू झाला की आकडे का पळतात?

राउटरच्या स्पिंडलला व्हीएफडी चालवतो. तो विजेचा दाब सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरचा वेग ठरवतो. या उघडझापेचा गोंगाट आसपासच्या तारांमध्ये शिरतो. पेंडंटची केबल स्पिंडलच्या केबलला बांधून नेली असेल, तर तिच्यात परके ठोके उमटणारच.

चांगल्या एन्कोडरमध्ये यावर सुंदर तोड असते. प्रत्येक सिग्नलसोबत त्याची उलटी प्रतही वेगळ्या तारेवरून येते. ए तारेवर ५ व्होल्ट असतील तेव्हा उलट्या तारेवर शून्य. दोन्हींवर २ व्होल्टचा गोंगाट चढला तर ७ आणि २ होतात, पण फरक पाचच राहतो आणि संगणक फरकच वाचतो. पुष्कळ हौशी जोडण्यांमध्ये मात्र उलट्या तारा कापून टाकलेल्या असतात, कारण स्वस्त कार्डवर त्यांना जागा नसते. मग शून्य असलेल्या तारेवर ३ व्होल्टचा गोंगाट आला की संगणक तो खरा ठोका समजतो. दोन्ही जोड्या वाचणारं छोटं रिसीव्हर कार्ड बसवणं हा या दुखण्यावरचा मुळापासूनचा इलाज आहे.

त्याआधी फुकटातले उपाय करावेत. पेंडंट आणि स्पिंडलच्या केबल वीतभर तरी लांब ठेवाव्यात आणि ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. पेंडंटच्या शील्डेड केबलची जाळी कंट्रोल पॅनेलच्या बाजूला अर्थला जोडावी. स्पिंडलची केबलही शील्डेड घ्यावी. आणि इमारतीचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. डोंबिवली-कल्याणच्या जुन्या चाळींत आणि गाळ्यांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेमागे तारच नसते, असं आढळतं. व्हीएफडी उघडायचा असेल तर वीज बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं जीवघेणा दाब राहतो. त्यावर छापलेला वेळ जाऊ द्यायचाच.

धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूमच्या प्लास्टिक पाइपावर स्थिर वीज साचते. हिवाळ्यातल्या कोरड्या दिवसांत तिची ठिणगी यंत्राच्या सांगाड्यात उतरली की यूएसबीवरचा पेंडंट अचानक 'सापडत नाही'. पाइपाला उघडी तांब्याची तार गुंडाळून ती अर्थला जोडली की हा प्रकार बराच आटोक्यात येतो.

७. पावसाळा आणि डोंबिवलीची हवा

ठाणे परिसरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. दमट हवेत एमडीएफची बारीक भुकटी स्विचच्या फटीत बसते आणि ओल धरते. त्यात डोंबिवलीच्या औद्योगिक वस्तीची हवा. जानेवारी २०१४ मध्ये तिथे हिरवा पाऊस पडल्याची बातमी राज्यभर गाजली होती. गंधकयुक्त वायू हवेत असले की तांबं आणि चांदीचे संपर्क काळे पडतात, आणि निवड-स्विचमधले संपर्क याच धातूंचे असतात.

स्विच दहा-वीस वेळा इकडून तिकडे फिरवला आणि पेंडंट थोडा वेळ सुधारला, तर संपर्कच मळले आहेत हे नक्की. वीज काढून कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. घरातलं गंज सोडवणारं तेल वापरू नये. ते भुकटी धरून ठेवतं.

बटण एकदा दाबलं की दोनदा लागतं, ही तक्रार वेगळी. धातूचे संपर्क मिटताना क्षणभर उड्या मारतात. जॅक गॅन्सल या अमेरिकी अभियंत्याने अनेक स्विच मोजून पाहिले. एक-दोन फारच वाईट नमुने सोडले तर या उड्या सरासरी दीड मिलिसेकंदाच्या आसपास आणि जास्तीत जास्त सहाच्या थोड्या वर टिकत होत्या. म्हणून प्रोग्रॅममध्ये बटणांसाठी १० ते २० मिलिसेकंदांची थांबण्याची मुदत ठेवली की दुहेरी दाब थांबतो. चाकाच्या तारांना मात्र एवढी मुदत लावू नये, नाहीतर जलद फिरवताना खरे ठोकेच गाळले जातील.

८. बिनतारी आणि यूएसबीचे पेंडंट

बिनतारी पेंडंट मध्येच गप्प होतो, तेव्हा आधी सेल बदलावेत. नवे अल्कलाइन सेल दीड व्होल्टचे, रिचार्जेबल १.२ चे. दोन सेलवर चालणाऱ्या डब्याला ३ ऐवजी २.४ व्होल्ट मिळतात आणि काही डब्यांना ते पुरत नाहीत.

नंतर रिसीव्हर बघावा. संगणकाच्या पत्र्याच्या डब्यामागे, निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये तो खोचलेला असेल तर जागा चुकली. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या बिनतारी उपकरणांना त्रास देतो, हे इंटेलने २०१२ मध्येच प्रसिद्ध केलं होतं. साध्या यूएसबी २ पोर्टला एक छोटी वाढीव केबल लावून रिसीव्हर यंत्राच्या दिशेने, उघड्यावर आणावा. विंडोजमध्ये वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट झोपवण्याची सोय मुळातच चालू असते, ती बंद करावी. काही मिनिटं न वापरल्यावरच पेंडंट गप्प होत असेल तर कारण बहुतेक हेच.

गेम खेळायचा जॉयस्टिक पेंडंट म्हणून वापरणारेही बरेच आहेत. त्याची काडी झिजली की मध्यावर परत येत नाही आणि यंत्र आपोआप सरकत राहतं. प्रोग्रॅममध्ये मध्याभोवती निष्क्रिय पट्टा वाढवून काही दिवस निभावतं, पण कापताना असा जॉयस्टिक जोडलेला ठेवू नये.

९. लाल बटण

इथवरचे सगळे बिघाड वेळ आणि एमडीएफ वाया घालवतात. हा बिघाड बोटं घालवू शकतो.

स्वस्त बिनतारी किंवा यूएसबी पेंडंटवरचं लाल बटण बहुधा संगणकाला फक्त एक निरोप पाठवतं. सेल संपले, रिसीव्हर सुटला, विंडोज अडकलं, तर निरोप पोहोचत नाही आणि स्पिंडल फिरत राहतो. औद्योगिक दर्जाच्या बिनतारी यंत्रणा संपर्क तुटला की यंत्र आपणहून थांबवतात. हौशी डब्यांत ती सोय असेल असं गृहीत धरता येत नाही. आणीबाणीच्या बटणासाठी आयएसओ १३८५० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याची भूमिका स्पष्ट आहे: दाबलेलं बटण दाबलेलंच राहिलं पाहिजे, ते सोडवल्यावर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये आणि थांबवण्याच्या आज्ञेपुढे बाकी सगळ्या आज्ञा दुय्यम.

म्हणून यंत्राच्या सांगाड्यावर, हात सहज पोहोचेल अशा जागी, तारेचं वेगळं लाल बटण हवं. त्याचा संपर्क एरवी जोडलेला आणि दाबल्यावर तुटणारा हवा, म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबतं. हे बटण संगणकाला विचारत बसणार नाही, कॉन्टॅक्टरमार्फत मोटर-ड्राइव्ह आणि व्हीएफडीचा पुरवठाच तोडेल, अशी जोडणी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी. स्पिंडल तरीही काही सेकंद स्वतःच्या गतीने फिरतो, तेव्हा हात लांबच ठेवावा. ज्यांच्या यंत्रावर असं बटण नाही, त्यांनी मखरांचं पुढचं काम हाती घेण्याआधी ते बसवावं आणि दर महिन्याला एकदा, कटर काढून आणि स्पिंडल चालू ठेवून, दाबून बघावं.